शुभेच्छुकाचं नाव वाचता का येत नाही? डिजिटल पट्टीतल्या रंगांचं गणित

गणपती, दसरा, दिवाळी, संक्रांत, कुणाचा वाढदिवस, सोसायटीची वार्षिक सभा. निमित्त कोणतंही असो, मोबाईलवर आलेल्या चित्राच्या तळाशी एक आडवी पट्टी असतेच. डावीकडे गोलात फोटो, शेजारी ठळक नाव, खाली पद आणि गाव, कोपऱ्यात ‘शुभेच्छुक’. हीच पट्टी आता ईमेलच्या शेवटी सहीच्या जागी दिसते, क्लासच्या पत्रकावर दिसते, दुकानाच्या जाहिरातीतही दिसते. (काही आयकर विवरणपत्रांना लागते ती कायदेशीर डिजिटल सही वेगळी. तिचा इथे संबंध नाही.)

पट्टीचं काम एकच: हे कुणी पाठवलं ते चटकन कळावं. नेमकं तेच पुष्कळदा होत नाही. केशरीवर लिहिलेलं पांढरं नाव विरून जातं. निळ्यावरची लाल अक्षरं थरथरल्यासारखी वाटतात. हिरव्यावर लालने लिहिलेलं पद वाचायला दोन बोटांनी चित्र ताणावं लागतं. करणाऱ्याने मेहनत घेतलेली असते, रंग हौसेने निवडलेले असतात. चुकतो तो क्रम. आपण आधी ‘कोणता रंग घ्यायचा?’ असं विचारतो. आधी विचारायला हवं, ‘तो किती उजळ आहे?’

## रंगाची तीन अंगं

पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यात, म्हणजे पिक्सेलमध्ये, तीन बारीक दिवे असतात: लाल, हिरवा आणि निळा. प्रत्येक दिवा ० ते २५५ असा कमी-जास्त करता येतो. तिन्ही शून्यावर म्हणजे काळा, तिन्ही २५५ वर म्हणजे पांढरा. लाल आणि हिरवा पूर्ण लावून निळा विझवला की पिवळा. शाळेत चित्रकलेच्या तासाला लाल-हिरवा कालवून चिखलासारखा रंग मिळाल्याचं ज्यांना आठवतं, त्यांना हे पटायला वेळ लागतो. तिथे आपण रंगद्रव्यं मिसळत होतो, इथे प्रकाश मिसळतो. एवढ्या तीन दिव्यांतून १ कोटी ६७ लाखांहून जास्त रंग तयार होतात.

त्यातून एक निवडायचा तर त्याची तीन अंगं ओळखता यायला हवीत. छटा म्हणजे लाल की पिवळा की निळा. भडकपणा म्हणजे तो रंग किती चढा आहे, की धुवून फिका पडलेल्या कापडासारखा राखाडीकडे झुकलाय. आणि उजळपणा म्हणजे तो पांढऱ्याच्या जवळ आहे की काळ्याच्या. एकाच लाल छटेचा उजळपणा वाढवला की गुलाबी होतो, कमी केला की मरून. बाजारात ज्यांना आपण वेगवेगळे रंग म्हणून नावं देतो, त्यातले कित्येक एकाच छटेचे उजळ-गडद भाऊबंद असतात.

कॅनव्हा घ्या, पिक्सआर्ट घ्या किंवा फोटोशॉप, रंग निवडायची खिडकी याच तीन अंगांवर चालते. त्यातलं तिसरं अंग सगळ्यात महत्त्वाचं, आणि फसवणारंही तेच.

## डोळा तिन्ही दिव्यांना सारखं मोजत नाही

पूर्ण भडक पिवळा आणि पूर्ण भडक निळा शेजारी ठेवा. अनेक साधनांमध्ये उजळपणाच्या खान्यात दोघांचाही आकडा सारखाच दिसतो. डोळ्याला मात्र पिवळा लख्ख वाटतो आणि निळा गडद. साधन फक्त दिव्यांचे आकडे मोजतं. आपला डोळा हिरव्या प्रकाशाला सर्वांत जास्त दाद देतो, लालला त्याहून बरीच कमी आणि निळ्याला अगदीच थोडी.

पडद्यासाठी याचे आकडे ठरलेले आहेत. पांढऱ्याचा उजेड १०० मानला तर त्यात हिरव्या दिव्याचा वाटा सुमारे ७२, लालचा २१ आणि निळ्याचा ७. म्हणून लाल अधिक हिरवा असा बनलेला पिवळा ९३ वर जातो आणि निळा ७ वरच राहतो. ज्या दोन रंगांना साधनाने सारखा उजळ म्हटलं, त्यांच्या उजेडात तेरापट फरक निघाला.

आपल्याकडच्या पट्ट्यांमध्ये सतत दिसणारे काही रंग याच मापाने मोजू. भडक लाल २१. मरून (लाल १२८, बाकी दोन्ही शून्य) जेमतेम ५. केशरी (लाल २५५, हिरवा १५३, निळा ५१) सुमारे ४४. गडद मोरपंखी (लाल ०, हिरवा ७७, निळा ७७) सुमारे ६. केशरीचा आकडा लक्षात ठेवा, कारण सगळा घोळ तिथेच होतो. भगव्या-केशरी रंगाला आपण मनात ‘जोरकस’ म्हणून ठेवलेलं असतं, त्यामुळे त्यावर पांढरं उठून दिसेल असं वाटतं. पण तो रंग जोरकस आहे तो भडकपणामुळे. उजळपणात तो पांढऱ्याच्या बाजूला झुकलेला आहे.

## वाचता येईल की नाही, ते एका भागाकाराने कळतं

अक्षर आणि त्यामागचा रंग यांच्या उजेडातल्या फरकाला कॉन्ट्रास्ट म्हणतात. तो काढायची रीत सोपी आहे. उजळ रंगाच्या आकड्यात ५ मिळवा, गडद रंगाच्या आकड्यात ५ मिळवा आणि पहिल्याला दुसऱ्याने भागा. ते ५ कशाचे? खोलीतला किंवा बाहेरचा उजेड पडद्यावर पडून परत येतो आणि काळासुद्धा पूर्ण काळा राहत नाही, त्याची ती भर. काळ्यावर पांढरं असेल तर उत्तर २१ येतं, त्याहून जास्त येऊ शकत नाही. दोन्ही रंग सारखेच असतील तर १.

वेबसाठी मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या सुलभतेच्या निकषांत म्हटलंय की साध्या मजकुरासाठी हा आकडा किमान ४.५ हवा, मोठ्या किंवा ठळक मोठ्या अक्षरांसाठी किमान ३. हे निकष वेबसाइटसाठी आहेत, शुभेच्छापत्रांना लागू नाहीत. पण डोळा तोच असतो, त्यामुळे माप म्हणून ते इथेही उपयोगी पडतं.

आता केशरीवर पांढरं: १०५ भागिले ४९, म्हणजे २.१. मोठ्या अक्षरांनाही पुरत नाही. पिवळ्यावर पांढरं तर १.१, म्हणजे जवळपास अदृश्य. भडक लालवर पांढरं ४, म्हणजे ठळक नावाला चालेल, खालच्या बारीक पदाला नाही. भडक निळ्यावर लाल २.१. भडक हिरव्यावर लाल २.९. उलट केशरीवर मरून ५.१, मोरपंखीवर केशरी ४.५, मरूनवर पांढरं जवळजवळ ११ आणि पिवळ्यावर काळं साडेएकोणीस. यात नवा रंग एकही नाही. तेच नेहमीचे रंग आहेत, फक्त कोण कुणाच्या डोक्यावर बसलाय ते बदललंय.

भागाकार करायचा कंटाळा असेल तर पट्टी तयार झाल्यावर ती कृष्णधवल करून पाहा. नाव तसंही ठसठशीत दिसलं तर जमलं. इथे एक सावधगिरी हवी. काही साधनांत भडकपणा शून्यावर नेला की पिवळा आणि निळा दोन्ही सारखेच राखाडी होतात (फोटोशॉपमधली ‘डीसॅच्युरेट’ आज्ञा असंच करते) आणि चाचणी खोटी ठरते. त्याऐवजी ‘ग्रेस्केल’मध्ये बदल करा किंवा मोबाईलमधलं मोनो फिल्टर लावा.

## ‘पण मला तर केशरीवर पांढरं नीट दिसतं’

असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि ते खोटं बोलत नाहीत. वरचं सूत्र डोळ्याचं पूर्ण वर्णन करत नाही. नारिंगीच्या बाबतीत तर ते विशेष वादग्रस्त आहे. सूत्र काळ्या अक्षराला झुकतं माप देतं, तरी पांढरं अक्षर बरं वाटणारे अनेक जण असतात. दोन्ही रंग गडद असले की हे सूत्र गरजेपेक्षा जास्त गुण देतं, अशीही तक्रार आहे. डोळ्याच्या जास्त जवळ जाणारं नवं सूत्र घडवण्याचं काम चालू आहे.

पण ‘मला’ म्हणजे कुणाला, हा प्रश्न उरतोच. पट्टी बनवणारा माणूस ती मोठी करून, पूर्ण उजेडाच्या पडद्यावर पाहतो, आणि नाव काय आहे हे त्याला आधीच ठाऊक असतं. पाहणारा एसटीच्या थांब्यावर उन्हात उभा असतो, बॅटरी वाचवायला त्याने उजेड कमी केलेला असतो, आणि पट्टी त्याच्या पडद्यावर बोटभर उंचीची असते. शुभेच्छा मनापासून वाचणाऱ्यांत वयस्कर माणसं खूप असतात. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं, मोतीबिंदू असेल तर समोरचं धूसर दिसतं, आणि फिकट फरक आधी हरवतात. २.१ हा आकडा तरुण डोळ्याला घरात बसून पुरेल. आजोबांना पुरणार नाही, आणि पट्टी त्यांच्यासाठीही आहे.

## ‘मग केशरीच थोडा गडद करू’

हा उपाय हमखास सुचतो. लाल मरून करता येतो, निळा गडद निळा करता येतो, तसा केशरीही करता येईल असं वाटतं. करून पाहा. पांढरं अक्षर ४.५ च्या वर नेण्याइतका केशरी गडद केला की लाल १९१, हिरवा ७८, निळा ० असं काहीतरी हाती येतं, आणि ते केशरी राहत नाही, तपकिरीकडे जातं. तपकिरी म्हणजे दुसरं काही नाही, गडद केलेला नारिंगीच. पिवळ्याचंही तेच: गडद केला की तो शेवाळी दिसू लागतो.

काही छटांचं रूप उजळ असतानाच खुलतं, काहींचं गडद असताना. पिवळा, केशरी, पोपटी, अबोली पहिल्या गटातले. निळा, जांभळा, मरून, मोरपंखी दुसऱ्या. पहिल्या गटातला रंग मागे असेल तर त्याला हात लावू नका, अक्षरं गडद करा. दुसरा गट मागे असेल तर अक्षरं पांढरी किंवा मोतिया करा. मंडळाचा, पक्षाचा किंवा संस्थेचा रंग ठरलेला असतो, तो बदलता येत नाही, ही तक्रारही इथेच मिटते. ठरलेला रंग तसाच ठेवा. अक्षराचा रंग बहुतेक वेळा कुणी ठरवलेला नसतो, फक्त सवयीने पांढरा पडलेला असतो.

## शेजारचा रंग बदलला की रंग बदलतो

रंग एकटा कधीच दिसत नाही. याचा पहिला नीट अभ्यास झाला तो कापडाच्या दुनियेत. पॅरिसच्या गोब्लँ या विणकाम कारखान्यात १८२४ पासून रंगाईचा प्रमुख होता मिशेल शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ. काळा रंग मरगळलेला दिसतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने रंग तपासला तर त्यात खोट सापडेना. काळे धागे निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी विणले की फिके वाटत होते, एवढंच. प्रत्येक रंग शेजाऱ्याला आपल्यापासून दूर, विरुद्ध छटेकडे ढकलतो, हे त्याने १८३९ मध्ये सविस्तर मांडलं.

पट्टीत हे रोज घडतं. केशरीवर साधा राखाडी चौकोन ठेवा, तो निळसर भासेल. तोच चौकोन निळ्यावर ठेवला तर किंचित पिवळसर. ‘मी तर तोच रंग घेतला होता, इथे वेगळा का दिसतोय?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं. म्हणून रंगांच्या खिडकीत पाहून निवडलेला रंग खरा मानू नका. त्याच्या जागी, त्याच्या शेजाऱ्यांत ठेवून पाहा.

लाल आणि निळा भडक असताना एकमेकांना चिकटले की डोळ्याला त्रास होतो, तो वेगळ्या कारणाने. डोळ्यातलं भिंग लाल आणि निळा प्रकाश एकाच ठिकाणी केंद्रित करू शकत नाही. बहुतेकांना लाल पुढे आल्यासारखा आणि निळा मागे सरकल्यासारखा दिसतो, आणि कडा स्थिर राहत नाही. काळ्यावर बारीक निळी अक्षरंही याच कुळातली. निळ्याला दाद देणाऱ्या पेशी डोळ्यात मुळात कमी असतात आणि नजरेच्या अगदी मध्यबिंदूवर तर नसतातच. तिथे बारीक मजकुराला निळा रंग देणं म्हणजे तो वाचू नका असं सांगणं.

## किती रंग, आणि कोणाला किती जागा

इथे आपल्याकडे आयतं शिक्षण आहे, ते म्हणजे पैठणी. अंगाचा रंग एक, तो सगळ्यात जास्त जागा घेतो. काठाचा रंग दुसरा, कडेने चालणारा आणि अंगाला बांधून ठेवणारा. पदरावर जर, मोर, कुयऱ्या, सगळा थाट, पण तो पदरापुरता. मोरपंखी अंगाला डाळिंबी काठ शोभतो यात छटांचा वाटा आहेच, पण अंगभर डाळिंबी आणि अंगभर मोरपंखी अर्धे-अर्धे विणले तर तीच जोडी भांडायला लागते. डिझाइन शिकवताना ६०-३०-१० असं प्रमाण सांगतात, ते जवळपास हेच. तो निसर्गनियम नव्हे, ठोकताळा आहे, पण पट्टीसारख्या छोट्या जागेत चांगला चालतो. मोठा भाग शांत रंगाचा, त्याहून कमी भाग दुसऱ्याचा, आणि भडक रंग अगदी थोडा, जिथे नजर जायला हवी तिथेच.

भडकपणाचं वाटप हा पट्टीतला खरा तोल आहे. रंग चार असले तरी चालतं, भडक मात्र एकच असावा. केशरी भडक ठेवायचा तर हिरवा जरा मळकट घ्या, निळा गडद घ्या. सगळेच ओरडू लागले की नाव कुणालाच ऐकू येत नाही.

छटा जुळवताना रंगचक्र वापरतात, म्हणजे सगळ्या छटा गोलात मांडलेलं चित्र. समोरासमोरच्या छटा एकमेकींना उठाव देतात, शेजारच्या गुण्यागोविंदाने नांदतात. पण नवशिक्याला इथे एक कोडं पडतं. चित्रकाराच्या चक्रात लालच्या समोर हिरवा येतो, पडद्याच्या चक्रात मात्र लालच्या समोर आकाशी-फिरोजी येतो. एक चक्र रंगद्रव्यांच्या हिशेबाने काढलेलं, दुसरं प्रकाशाच्या. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. पडद्यावरचं काम असेल तर साधनाच्या चक्रावर जा, पण समोरासमोरच्या दोन छटा घेतल्या तर त्यांचा उजळपणा वेगळा ठेवायला विसरू नका. सारख्या उजेडाची लाल-फिरोजी जोडी डोळ्यात खुपते. मरूनवर फिका फिरोजी घेतला तर देखणी होते.

## चेहरा: सगळ्यात अवघड रंग

पट्टीतला फोटो हा रंगांचाच भाग आहे, हे सहसा लक्षात घेतलं जात नाही. माणसाची त्वचा गोरी असो, सावळी असो की काळी, छटा पाहिली तर ती नारिंगीच्याच आसपास येते. माणसामाणसांत फरक पडतो तो उजळपणात आणि भडकपणात. म्हणून केशरी पार्श्वभूमीवर चेहरा हरवतो. मागची छटा आणि त्वचेची छटा एकच असते. उपाय दोन: गोलाच्या आत, चेहऱ्यामागे निळसर-राखाडी किंवा मोरपंखी ठेवा, किंवा गोलाला मरूनसारखी गडद कड द्या.

दुसरी अडचण म्हणजे फोटो चिकटवल्यासारखा दिसणं. ट्यूबलाइटखाली काढलेला फोटो थंड, निळसर-हिरवट असतो. मागची पट्टी उबदार असते. कापून ठेवलेली आकृती त्या उजेडातली वाटत नाही. यासाठी कलर बॅलन्स वापरतात. त्यात तीन पट्ट्या सरकवता येतात: आकाशीकडून लालकडे, गुलबक्षीकडून हिरव्याकडे, पिवळ्याकडून निळ्याकडे. फोटोशॉपमध्ये हे सावल्या, मधले भाग आणि उजळ भाग यांना वेगवेगळं करता येतं, आणि खरी गंमत तिथेच आहे. मधल्या भागांना किंचित लाल-पिवळं करा, सावल्यांत पार्श्वभूमीचा रंग थोडा उतरवा, उजळ भागांना फारसा हात लावू नका. मोबाईलच्या साध्या ॲपमध्ये एवढी सोय नसते. तिथे ‘वॉर्म्थ’ आणि ‘टिंट’ थोडे हलवले तरी बराच फरक पडतो. शेवटी फोटो आणि पार्श्वभूमी दोन्हींवर मिळून एकाच रंगाचा अगदी पातळ थर दिला, १० टक्क्यांच्या आसपास, की सगळं एका उजेडात आल्यासारखं वाटतं. पट्टीतले इतर रंगही फोटोतल्याच कुठल्यातरी वस्तूवरून उचलता येतात, म्हणजे फेट्याचा, साडीच्या काठाचा किंवा देव्हाऱ्यातल्या झेंडूचा. ते आपोआप जुळतात.

आणि एक विनंती. चेहरा उजळवून पांढुरका करू नका. रंगांच्या दृष्टीनेही ते वाईट आहे, कारण त्वचेतल्या उजेड-सावलीचे थर नाहीसे होतात आणि चेहरा सपाट दिसतो. आणि ज्याचा फोटो आहे त्या माणसाचा तो रंगच नसतो.

## देवनागरी अक्षराला जरा जास्त जागा लागते

रंग बरोबर असूनही मराठी नाव गिचमिड दिसतं, त्याला कारण आपली लिपी. शिरोरेषा, तिच्यावर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार, आणि घ-ध, भ-म यांच्यातला फरक दाखवणारी इवलीशी फट. वाचनीयता वाढावी म्हणून अक्षराला जाड बाह्यरेषा दिली की या फटी बुजतात. पिवळं अक्षर, त्याला लाल कड, बाहेर पांढरी कड, शिवाय सावली, असं केल्यावर ‘ध’ आणि ‘घ’ ओळखायला अंदाजच लावावा लागतो.

कॉन्ट्रास्ट ४.५ च्या वर असेल तर बाह्यरेषेची गरजच पडत नाही. फोटोवरच थेट लिहायचं असेल आणि कड हवीच असेल तर ती अक्षराच्या बाहेरच्या बाजूने, बारीक, आणि मागच्या रंगाचीच गडद छटा घेऊन द्या. त्याहून चांगलं म्हणजे अक्षरांमागे अर्धपारदर्शक गडद पट्टा. फोटोतले झेंडू, दिवे, समया त्याखाली मंद होतात आणि अक्षराला स्थिर जमीन मिळते.

## पाठवल्यावर चित्र धुरकट का होतं?

‘माझ्याकडे लख्ख होतं, ग्रुपवर टाकलं आणि लाल अक्षरं फुटली.’ ही तक्रार खरी आहे, आणि तिचाही संबंध उजळपणाशीच आहे. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र आकार कमी करायला पुन्हा दाबलं जातं. जेपीईजी नावाची ती पद्धत डोळ्याच्या कमजोरीचा फायदा घेते. उजेडातले बारीकसारीक फरक आपल्याला चटकन दिसतात, छटांतले तितकेसे नाही. म्हणून ती उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्यासाठी ठेवते आणि छटेची माहिती सहसा चार ठिपक्यांमध्ये मिळून एकदाच.

परिणाम सरळ आहे. मरूनवरच्या पांढऱ्या अक्षराची कड उजेडाच्या फरकावर उभी असते, ती शाबूत राहते. जवळपास तेवढ्याच उजेडाच्या हिरव्यावर लाल अक्षर असेल तर त्याची कड फक्त छटेच्या फरकावर उभी असते, तीच माहिती चार ठिपक्यांत पसरते आणि कड विस्कटते. चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलं तर ते दाबलं जात नाही. पण पुढे पाठवणारे तसं करतीलच याचा भरवसा नाही. रंगांची जोडीच टिकाऊ निवडलेली बरी.

## लाल-हिरवा वेगळा न दिसणारे, काळा पडदा आणि फ्लेक्स

युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे १२ पैकी एकाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. दोष एक्स गुणसूत्रावर असल्याने सगळीकडेच तो पुरुषांत जास्त आढळतो. त्यातल्या काहींना लाल रंग इतरांपेक्षा गडद दिसतो, त्यामुळे काळ्यावरचं लाल नाव त्यांच्यासाठी जवळजवळ नसतंच. वेगळा नियम मात्र लागत नाही. लालचा हा अपवाद सोडला तर उजळपणातला फरक यांनाही जवळपास आपल्याइतकाच दिसतो.

ईमेलच्या सहीतली पट्टी अनेकदा पारदर्शक पार्श्वभूमीची करतात. वाचणाऱ्याने पडदा काळ्या रूपात (डार्क मोडवर) ठेवलेला असेल तर काळी अक्षरं काळ्यात बुडतात. तिथे पट्टीला स्वतःची पक्की पार्श्वभूमी द्या.

आणि तीच पट्टी चौकात फ्लेक्सवर लावायची असेल तर पडद्यावरचा रंग तिथे मिळणार नाही हे आधीच धरून चाला. छपाईत प्रकाश नसतो, शाई असते. पडद्यावरचा भडक निळा छापल्यावर जांभळट येतो, भडक पोपटी मंदावतो, तर मरून, केशरी आणि गडद मोरपंखी बऱ्यापैकी तसेच उतरतात. फाइल देताना छपाईवाल्याला सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या, रूपातला नमुना पडद्यावर दाखवायला सांगा, आणि शक्य असेल तर पूर्ण फ्लेक्सआधी नावाच्या भागाचा हातभर तुकडा छापून घेऊन तो रस्त्याच्या पलीकडून वाचून पाहा.